भिकननानांची डोक्याची बॅटरी

टळटळीत उन्हात डोक्याला बॅटरी बांधून एखादा म्हातारा शिरपूरच्या बाजारातून पळत गेला, गटारीवरून त्याने उडी मारली आणि पलीकडे उभं राहून गदागदा मान हलवली, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी भिकननाना. बॅटरी कपाळावरून घसरते का, एवढंच ते बघत असतात. घसरली की ती दुकानदाराला परत.

सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं आणि आमचं शेत लागून आहे. मका दाण्यात आला की डोंगरातून रानडुकरांचा कळप उतरतो आणि उभं पीक लोळवून जातो. मग गावातली माणसं डबे वाजवत, आरोळ्या ठोकत डुकरं हाकलायला निघतात. नाना याला शिकार म्हणतात. आजवर एकाही डुकराला त्यांनी ओरखडा काढलेला नाही, पण शिकारीच्या गप्पा ऐकाव्यात तर त्यांच्याच! कळप कुठून शिरला हे अंधारात ओळखावं तेही त्यांनीच. यंदा डुकरं आमच्या बांधापर्यंत येऊन गेली आणि नाना जागचे हलेनात. कारण जुनी बॅटरी गेली होती. "पहिले बॅटरी, मंग डुक्कर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळ्यांचा मका त्या बॅटरीपायी अडला होता.

शिरपूरची दुकानं संपली तेव्हा मी त्यांना मोटारसायकलवर धुळ्याला नेलं. शेतीसामानाचं दुकान होतं आणि मालक मारवाडी शेठजी, स्वभावाने अगदी गरीब. नानांनी आधी शटर खाली ओढायला लावलं, दिवे घालवले. मग खुद्द शेठजींना पाइपांच्या वेटोळ्यांमागे ओणवं केलं, कारण डुकराशिवाय बॅटरी कळायची कशी? "शेठ, मान खाले. डुक्कर वर दखत नही," अशा सूचना सुटत होत्या आणि शेठजी निमूटपणे मान खाली घालत होते. मी हसून हसून गोण्यांवर कोसळलो.

शेवटी एक बॅटरी अशी निघाली की झोत थेट मागच्या भिंतीवर! शेठजींनी डोळ्यांवर हात धरले. मी म्हटलं, नाना, हीच घ्या. नानांनी ती बाजूला ठेवली आणि मंद, पसरट, पिवळ्या उजेडाची एक उचलली. तिच्या उजेडात शेठजी दिसेनातच. माझा पारा चढला. मका आडवा व्हायची वेळ आली आणि हा माणूस समईएवढा उजेड विकत घेतोय, असं मी बोलूनही दाखवलं.

नानांनी पट्टा डोक्यावर उलटा फिरवला, दिवा पाठीकडे केला आणि मला मागून चालायला सांगितलं.

"पाय दखातस का?"

"दिसतात. पण नाना, डुक्कर पुढे असतं."

"डुक्कर तं माले वासवर समजस. तुनी काकू माले एकला जाऊ देत नही. मन्हा मांगे चालस. अन् आते रातले तिले दखात नही."

काकूंना रात्री दिसत नाही, हे भिंतीला भिंत असून आम्हाला ठाऊक नव्हतं. शेठजी पाइपांमागून उठले होते, पण शटर वर करायला गेले नाहीत.

नाना पुढे निघाले. मी मागोमाग चाललो, तर ते थांबले.

"हळू चाल ना भाऊ," ते म्हणाले. "तिना गुडघा दुखतस."