खांडेनवमीची वायर

घराला गॅरेज होतं, गाडी नव्हती. घर बांधताना बापूजींनी गाडीसाठी जागा सोडली ती सोडलीच, आणि मग त्या जागेत त्यांच्या मुलाने, मनोहररावांनी, आपलं वर्कशॉप थाटलं. दिवसभर ते सरकारी कचेरीत फायली सरकवत आणि उरलेला वेळ गॅरेजात ड्रिल मशीन फिरवत. ड्रिलला टोकाशी सॉकेट असलेली लांबलचक वायर लागे. ती गॅरेजातून निघून अंगणभर पसरलेली असे, आणि त्यांच्या बायकोचा, प्रेमिलाचा, जीव त्या वायरीत गुंतलेला असे.

कारण तिचा भैयाजी रांगायला लागला होता. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण आजोबांनी कौतुकाने भैयाजी म्हटलं आणि तेच चिकटलं. त्याला खुळखुळा दिसत नसे, लाकडी बैल दिसत नसे. दिसे ती वायर. दिसली की तो हसे, तिच्याकडे निघे आणि हाती लागेल ते टोक तोंडात घाले. प्रेमिला बी.एस्सी. झालेली होती. ओली जीभ आणि चालू वीज यांचं एकमेकांशी काय नातं असतं, ते तिला कोणी सांगायला नको होतं.

"ही वायर जमिनीवरून हलली नाही, तर मी भैयाजीला घेऊन सावनेरला चालली," तिने एके दिवशी नवऱ्याला सांगितलं. सावनेर तिचं माहेर.

मनोहररावांनी धमकी मनावर घेतली. जुन्या सायकलचं चाक काढलं, टायर-ट्यूब उतरवली, दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या गोल तबकड्या ठोकल्या, सायकलचंच पायडल मुठीसारखं बसवलं आणि सगळं प्रकरण लोखंडी पट्टीवर गॅरेजच्या भिंतीत, भैयाजीच्या हाताबाहेर, उंच टांगलं. मूठ फिरवली की वायर मुकाट्याने चाकावर जाऊन बसायची. पहिल्यांदा त्यांनी भिंतीतला प्लग न काढताच चाक फिरवलं, तेव्हा आसाजवळच्या वायरीची चांगली वेणी पडली. तेव्हापासून नियम ठरला: आधी प्लग काढायचा, मग चाक फिरवायचं.

चाक पुरं झालं आणि दुसऱ्या दिवशी खांडेनवमी आली.

बापूजी कापडगिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून निवृत्त झालेले. हत्यारांच्या पूजेत त्यांना कसूर खपत नसे. पाटावर पक्कड, हातोडी, पाने, ड्रिल मांडून झालं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

"हे काय गा, मनोहर? वायर गुंडाळूनच ठेवली?"

"मंग काय करू, बापूजी?"

"अर्ध्या हत्याराची पूजा करतेत का? पुरी काढ."

मनोहररावांना एवढंच हवं होतं. त्यांनी टोक धरलं आणि वायर ओढत गॅरेजातून अंगणात, अंगणातून थेट पलीकडच्या कुंपणापर्यंत नेली. मग पुरी म्हणजे पुरी, म्हणून प्लगही बोर्डात खोचला. बापूजींनी चाकाला हळदकुंकू वाहिलं, भिंतीतल्या बोर्डाला वाहिलं, वायरीला ठिकठिकाणी वाहिलं आणि तिच्या अंगावर झेंडूची फुलं ठेवत गेले.

प्रेमिला एका कडेवर भैयाजी आणि दुसऱ्या हातात नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आली आणि जागीच थबकली.

"पूजा झाली ना? मग गुंडाळा ना हो आता."

"गुंडाळा?" बापूजी म्हणाले. "पूजा झाली वं पोरी. आता उद्या सोनं वाटलं, का मंगच हात लागन हत्याराले."

"पण बटन बंद आहे का?"

मनोहररावांनी जीभ चावली. त्यांच्या चेहऱ्यावरून प्रेमिलाला उत्तर कळलं.

"मी बंद करतो," ते पुटपुटले.

"खबरदार! बोर्डाले बी कुंकू लागलं हाये. मिलमधी पूजा झाल्यावर मॅनेजरची हिंमत नव्हती मशीनले बोट लावाची."

एवढ्यात सासूबाई, पार्वतीबाई, नळावरून भरलेली बादली घेऊन आल्या. नळ आणि संडास वायरीच्या पलीकडे, स्वयंपाकघर अलीकडे. त्यांनी पाय उचलला.

"ओलांडू नोको!" बापूजी ओरडले. "पुजलेलं हत्यार ओलांडतं का कोणी?"

पार्वतीबाईंचा पाय हवेतच राहिला. मग तो हळूहळू मागे गेला.

"मंग मी काय दसरा इकडंच करू?"

"देवाच्या कामात कटकट नोको करू वं."

"माहं वरण हाये चुलीवर! तुमचा देव येते का उतरवाले?"

मनोहररावांनी एकदा संडासाच्या दाराकडे पाहिलं, एकदा वायरीकडे, आणि ते उभ्याउभ्याच पाय बदलू लागले.

प्रेमिलाला मात्र काही ऐकू येत नव्हतं. कडेवरचा भैयाजी वायरीकडे पाहून हसू लागला होता. झेंडूच्या फुलांनी तर ती जास्तच गोजिरी झाली होती. काही केल्या उद्यापर्यंत हे पोर कडेवर राहणार नव्हतं. तिने मुकाट्याने ताट ओट्यावर ठेवलं, ओसरीत गेली, भिंतीवर लोखंडी पेटी होती तिथे उभी राहिली.

"बापूजी, मेन स्विचची पूजा केली होती का?"

"नाही. काहून?"

तिने दांडा खाली ओढला. ओसरीतला टेबलफॅन घरघरत थांबला. दांडा घट्ट होता, म्हणून दोन्ही हात लावायला तिने भैयाजीला खाली ठेवलं होतं. तेवढं त्याला पुरलं. ती वळून बघते तो हा अंगणात, वायरीच्या टोकाशी, तोंडात सॉकेट आणि सॉकेटबरोबर एक झेंडू.

"अवं माय!" पार्वतीबाईंनी बादली सोडली.

प्रेमिलाने धावत जाऊन त्याला उचललं. वीज बंद होती हे तिला ठाऊक होतं. तरी तिने त्याचं तोंड उघडून जीभ तपासली.

बापूजी गंभीर झाले. पुजलेलं हत्यार नुसतं शिवलं गेलं नव्हतं, चोखलं गेलं होतं. बराच विचार करून त्यांनी निर्णय दिला.

"लेकराले दोष नाही. लेकराचा हात म्हंजे देवाचाच हात."

"मंग त्याच्याच हातानं गुंडाळून घ्या ना लवकर!" पलीकडून आवाज आला. "वरण जळून राहिलं!"

मनोहररावांनी जोरजोरात मान हलवली. त्यांची निकड वेगळी होती.

मग प्रेमिला भैयाजीला घेऊन बोर्डापाशी उभी राहिली.

"तुहा हात प्लगले लागला नाही पाहिजे, पोरी," बापूजींनी बजावलं. "तू निस्ता त्याचा हात धर."

कित्येक दिवस तिने या पोराला "नको, बाऊ होते" एवढंच शिकवलं होतं. आता तिने त्याची चिमुकली बोटं प्लगभोवती ठेवली, वर आपली मूठ धरली आणि म्हणाली, "ओढ माझ्या राजा. ओढ."

प्लग निघाला. भैयाजी चित्कारला. मग त्याचा हात पायडलवर ठेवून तिने चाक फिरवलं. फुलं गळत गेली, वायर भिंतीवर चढत गेली. पार्वतीबाई चुलीकडे पळाल्या. मनोहरराव दुसरीकडे पळाले.

प्रेमिलाने दमून भैयाजीला ओसरीत सोडलं. त्याने चाकाकडे मान वर करून पाहिलं. ते फार उंच होतं. मग तो वळला, रांगत टेबलफॅनपाशी गेला. तिथला पॉइंट जमिनीलगतच होता. त्याने नुकत्याच शिकवलेल्या पद्धतीने प्लगभोवती बोटं ठेवली आणि ओढायला लागला.

"झालं ना सगळं?" मनोहरराव मोकळे होऊन परतले होते. "चला, मेन चालू करतो."

प्रेमिला पटकन पुढे झाली. तिने डोक्यावरून पदर घेतला.

"बापूजी, एवढी सगळी पूजा झाली, पण मेन स्विच राहून गेला. घरातलं एकूणएक यंत्र त्याच्याच जिवावर चालते."

बापूजी थरारले. "खरंच की वं! शिकलेली सून घरात असली म्हंजे..." त्यांनी हळदकुंकवाची वाटी उचलली.

"बापूजी, थांबा, आधी वर तर करू द्या—"

"पूजेच्या मधात बोलू नोको, मनोहर."

खाली ओढलेल्या दांड्यावर कुंकू लागलं, अक्षता पडल्या, वर एक झेंडू बसला.

दुपारी घरात वाऱ्याची झुळूक नव्हती. बापूजी वर्तमानपत्राने वारा घेत होते, मनोहरराव मुक्या रेडिओसमोर घाम पुसत बसले होते. भैयाजी ओसरीतल्या पॉइंटशी मन लावून झटत होता. प्रेमिलाने पान वाढून घेतलं, आणि तो रांगायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसली.