कणगीतलं घर

दत्तूअण्णांनी एकच विहीर दुसऱ्यांदा काढलेली मी कधी पाहिली नाही. कसबा बावड्याच्या बाजूला नकाशे बनवणारं आमचं छोटं ऑफिस होतं, आणि ते माझ्या शेजारी बसायचे. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, कॉम्प्युटर नवे होते. आम्ही बाकीचे विहीर हवी की गोल काढायचो, कोपरा धरून लहानमोठा करायचो, आणि पुढच्या विहिरीला पुन्हा तीच खटपट. त्यामुळे आमच्या एकाच नकाशात एक विहीर वाटाण्याएवढी, तर दुसरी लिंबाएवढी. अण्णा एकदाच काढत, एकदाच मापात बसवत आणि एका वेगळ्या फाइलीत ठेवून देत. त्या फाइलीचं नाव त्यांनी ‘कणगी’ ठेवलं होतं. लागेल तेव्हा कणगीतून काढायचं आणि नकाशात टाकायचं.

मी एखादं देऊळ ओढायला लागलो की शेजारून आवाज यायचा, "आरं, मापात बसवलेलं हाय की कणगीत! परत कशाला ताणतोयस? देऊळ हाय त्ये, चड्डीचा नाडा न्हाय!"

घरीही तोच कारभार. थोरल्या भावाची पँट त्यांनी आपल्या मापाची करून घेतली. ती विटल्यावर तिची डब्याची पिशवी झाली आणि पिशवी फाटल्यावर माउसखालचं फडकं. या माणसाशेजारी बसणं म्हणजे डोक्याला ताप होता, आणि मला ते फार आवडायचे.

कणगीची एक गोम होती. नकाशातली सगळी घरं कणगीतल्या एकाच घराला बांधलेली असत. ते मोठं केलं की सगळी मोठी होणार. म्हणून तिथल्या कशालाही हात लावायची आम्हाला सक्त मनाई होती.

अण्णांची एकुलती एक मुलगी सुमन गारगोटीला दिली होती. मानपानावरून वाकडं आलं आणि सासरच्यांनी तिला माहेरी पाठवणं बंद केलं. अण्णांची बायको तर कधीच गेलेली. रविवारी ते एसटीनं गारगोटीला जायचे आणि दारातूनच परत यायचे. सोमवारी मी विचारायचो, "भेटली का?"

"न्हाय. घरात न्हाय म्हणाली मानसं. आत बांगड्या वाजत हुत्या की."

एवढं बोलून ते कामाला लागायचे. त्या लोकांचा मला असा संताप यायचा!

आणि मग नेमकं गारगोटीच्याच नकाशाचं काम आलं. नकाशा छापून आला तो मालकांनी टेबलावर आपटला. गावातली झाडून सगळी घरं फुगली होती. घरं रस्त्यावर आली होती, ओढ्यात उतरली होती, एकानं तर शाळाच गिळली होती.

"बाजारला जायला वाट ठेवलीसा का न्हाय?" मालक ओरडले. "कणगीला हात लावला कुणी?"

आम्ही हसू दाबत एकमेकांकडे बघत होतो.

"म्या," अण्णा म्हणाले.

आमचं हसू तिथंच विरलं. ‘आजच्या आज दुरुस्त करा’ म्हणून मालक तणतणत निघून गेले. मी खुर्ची जवळ ओढली. "अण्णा, तुम्ही? असं कसं झालं?"

"सुमीचं एकच घर वाईच मोठं करायचं हुतं. त्या गर्दीत घावंना झालतं."

"मग तेवढ्याची वेगळी नक्कल काढून ती मोठी करायची. तुम्हीच शिकवलंय की आम्हाला."

"शिकवलंय रं. पर त्या दिवशी ध्यान नव्हतं. आदल्या दिवशी गेलतो. तीच आतनं म्हणाली, ‘अण्णा, आता येत जाऊ नगासा. तुमी गेल्यावर मला लई बोलत्यात.’" त्यांनी माउसखालचं फडकं सरळ केलं. "मग म्हटलं, नकाशात तरी दिसू दे."

मी म्हणालो, "एकच घर मोठं ठेवू या. थोडंसंच. मालकांना कळायचंसुद्धा नाही."

"नगं. ह्येच का मोठं, असं कुणी इचारलं तर काय सांगू?"

त्यांनी कणगी उघडली, घराचा कोपरा धरला आणि आत ढकलला. गावातली सगळी घरं एका झटक्यात आपापल्या जागी बसली. अण्णा पडद्याजवळ वाकले आणि गारगोटीच्या गल्ल्यांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"यातलं तिचं कंचं," ते म्हणाले, "त्ये आता मलाबी कळंना."