इमारत हाय का?

टीव्हीवर टोकियो शहराची मोडतोड सुरू झाली, की आमच्या शेजारचे नाना टीव्हीचा आवाज बंद करतात, चष्मा लावतात आणि थेट टोकियोला फोन लावतात.

"सुवर्णा, इमारत हाय का गं?"

"आहे, नाना."

"न्हाय, हितं पडलीय म्हणून इचारलं."

त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत आहे आणि तीही पातळ, त्यामुळे हे मला रोज ऐकू येतं. मी कान देत नाही. म्हणजे देतो, पण नंतर मला वाईट वाटतं.

सुवर्णा ही नानांची एकुलती एक लेक, माझी जुनी विद्यार्थिनी. नर्सिंग शिकली आणि तिकडच्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जपानला गेली. पहिल्याच व्हिडिओ कॉलवर तिनं खिडकीतून दिसणारी टोकियोच्या नगर सरकारची कचेरी दाखवली. ढगाला टेकलेली, डोक्यावर दोन शिंगं. आमच्या परंड्यात पत्ता सांगायचा म्हणजे किल्ल्याच्या अलीकडं नाहीतर पलीकडं. नानांनी लेकीचा पत्ता तसाच पाठ केला : "दोन शिंगांच्या मागं ऱ्हाती."

एकदा ती त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बोलली. नानांना दोनच शंका होत्या. "सरकारी कचेरीत फुकट वर जाऊ देत्यात?" आणि "लिफ्ट चालू हाय?" मग जरा थांबून, "आपल्याकडचं काय दिसतंय का बघ."

पंचाईत अशी, की ही इमारत सिनेमावाल्यांची फार लाडकी. टोकियो दाखवायचं म्हटलं की आधी ती दाखवतात, आणि टोकियो बुडवायचं म्हटलं की आधी तीच पाडतात. समुद्रातून येणारं जनावर आधी तिच्याकडं वळतं. परग्रहावरचे लोक तिच्याच गच्चीवर उतरतात. एका कार्टूनमध्ये तर ती उठून चालायलाच लागली. हे सगळं हिंदीत डब होऊन दुपारच्या वेळी आमच्या गल्लीत येतं. नाना संतापतात. "आपला किल्ला बगा सर, एवढ्या तोफा खाल्ल्या, उभा हाय. अन् ही सरकारी इमारत एका घोरपडीनं पाडली! ठेकेदार कोन व्हता?"

नाना बसस्टँडवर कंट्रोलर होते. त्या काळी स्टँडवरचा फोन म्हणजे देवघर. "गाडी सुटली का? सुटली. ठिवा." कुणी कुर्डुवाडीहून पाऊसपाण्याची चौकशी केली तर नाना ओरडायचे, "काम सांगा! फोन अडवू नका!" निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. मी घरून फोन केला तरी म्हणतात, "काम सांगा सर." मला काम आठवत नाही आणि मी माफी मागून ठेवून देतो.

आता माझ्याबद्दल. मी शाळेत विज्ञान शिकवतो. कुणाची चुकीची समजूत दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला झोप येत नाही, आणि दुरुस्त केल्यावर तर मुळीच येत नाही. एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन नानांकडं गेलो. पुठ्ठ्याच्या इमारती, रबराचा पोशाख घातलेला माणूस, संगणकावरची आग, सगळं फोड करून दाखवलं. नाना हाताची घडी घालून शहाण्या पोरासारखे बसले होते.

"म्हंजे सगळं खोटंच म्हणा."

"निव्वळ खोटं, नाना. काळजीचं कारणच नाही."

"कारणच न्हाय," नाना म्हणाले. "बरं झालं सांगितलं." आणि मला चहा केला. त्यात साखर घालायला विसरले, तेही मी विज्ञानाचा धक्का म्हणून समजून घेतलं.

त्यानंतर भिंतीपलीकडं इमारती कोसळत राहिल्या, पण फोन बंद झाला. बायको म्हणाली, "नाना गप्प गप्प असतात हल्ली." मी म्हटलं, "समज आली त्यांना." हे वाक्य मी अभिमानानं म्हटलं होतं, हे लिहितानाही घाम फुटतो.

मग एक दिवस मलाच टोकियोहून फोन आला.

"सर, नाना बरे आहेत ना?"

"ठणठणीत."

"मग हल्ली इमारत का पडत नाही?"

मी माझी कामगिरी सांगितली.

"सर, त्यांना माहीत होतं हो. बिनकामाचा फोन त्यांना करता येत नाही. आई होती तेव्हा 'तुजी आई इचारतीया' म्हणून करायचे. आई गेल्यावर ही इमारत सापडली."

"अगं, मग तू करत जा ना."

"मी केला की म्हणतात, काय काम काढलंस? बरी हाईस न्हवं? मग ठिव, ड्यूटीवर फोन अडवू नको."

आणि मला भिंतीपलीकडचे ते फोन आठवले. इमारतीची चौकशी एका वाक्यात संपायची. पुढं भाकरी, थंडी, तिच्या म्हाताऱ्यांची दुखणी असं कितीतरी वेळ चालायचं. एवढा कान देऊन मी ऐकलं काय होतं, कोण जाणे.

तसाच चप्पल न घालता शेजारी गेलो. नाना शेंगा फोडत बसले होते.

"नाना, पडली!"

"काय?"

"इमारत. आत्ताच. डोळ्यांनी बघितली."

"कुठल्या चॅनेलवर?"

एवढा विचार मी केला नव्हता. "ते... आमच्या टीव्हीवर."

नानांनी सावकाश वर बघितलं. त्यांच्याबरोबर मीही बघितलं. पंखा बंद होता. अख्ख्या गल्लीत सकाळपासून लाईट नव्हती.

नाना माझ्याकडं बघत राहिले. मी टरफलांकडं.

"लई मोठी घोरपड व्हती का, सर?"

"लई मोठी."

"मग इचारायलाच पायजे." त्यांनी धोतराला हात पुसले आणि चष्मा लावला. फोन कानाला लावून माझ्याकडं पाठ केली.

"सुवर्णा, इमारत हाय का गं? ...म्या न्हाय म्हणत. सायन्सचे सर सांगत्यात."