चांदसाहेब टीव्हीवर काय बोलले?

भारतीय सैन्याने गुप्तहेर म्हणून माझी कधीच नेमणूक केली नाही. माझं काम किती गुप्त होतं, हे जाणकारांनी यावरूनच ओळखावं. कागदोपत्री मी रसद विभागात बटाट्यांची पोती उतरवून घेत होतो. पण पोत्याकडे बघून आतला बटाटा सडका की चांगला हे सांगणारा माणूस जगात कुणाच्याही आत शिरू शकतो. निवृत्त होऊन साताऱ्यात आलो आणि दारावर पाटी लावली, 'जोतिबा, खासगी तपास'. घारीची नजर, सशाचे कान आणि मुंगीची चिकाटी एकाच देहात पाहायची असेल तर लोकांनी आमच्याकडे यावं. अजून फारसं कुणी आलेलं नाही. शाहूपुरीतल्या एका हरवलेल्या म्हशीचं प्रकरण मात्र मी गाजवलं. मी तीन संशयित पकडले तेव्हा म्हैस मागच्या दाराने आपली आपण घरी आली होती, पण त्याने तपासाचा दर्जा कमी होत नाही.

माझी सहाय्यक म्हणजे आमची अंजना. लग्नाच्या वेळी तिला या पदाची कल्पना दिली नव्हती, असं ती म्हणते.

तर माघ महिन्यात सांगलीहून भाऊसोंचा फोन आला. भाऊसो म्हणजे अंजनाचा आतेभाऊ. विश्रामबागेत त्याचं 'सांगावा' नावाचं केबलवरचं बातम्यांचं चॅनेल आहे. फोन अंजनाला होता, पण 'कॅसेट गायब' एवढे दोन शब्द माझ्या कानावर पडले आणि मी टोपी घातली.

'सांगावा'चं ऑफिस पाहून मला धक्काच बसला. पूर्वी रोज साडेसातला एक बाई पदर सावरून नमस्कार म्हणायच्या. मग मानाप्रमाणे बातम्या लागायच्या. आधी साखर कारखाना, मग नगरपालिका, मग हळदीचा भाव, मग वाढदिवस, आणि शनिवारी सगळ्यात शेवटी 'आपली माणसं'. त्यात कुणी सुतार, कुणी पैलवान, कुणी उत्तम पुरणपोळी करणारी बाई यायची. आता सगळा कारभार भाऊसोंच्या मुलीकडे, शिवांजलीकडे आहे. तिच्या बातम्या फोनच्या पडद्याइतक्या उभ्या आणि चहा गार व्हायच्या आत संपणाऱ्या. गल्लीत पाण्याचा पाइप फुटला तरी मागे युद्धाला निघाल्यासारखे ढोल वाजतात.

पण पोरगी हुशार. जुन्या बातम्या फुकट जाऊ नयेत म्हणून सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम तिनेच काढलं होतं. सांगलीत नदी कधी घरात शिरेल याचा भरवसा नाही, म्हणून भाऊसोंनी त्या पोत्यात भरून कोरेगावला आईकडे कोरड्या जागी ठेवल्या होत्या. पोती परत आली, उघडली, तर एक कव्हर रिकामं निघालं.

"एकच कॅसेट ना?" अंजना म्हणाली.

"एकच," शिवांजली म्हणाली. "पण नेमकी नूरजहांचाचींची."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. मिरजेच्या. त्यांचे मालक चांदसाहेब तंबोरे बनवायचे. वीसेक वर्षांपूर्वी 'आपली माणसं'मध्ये त्यांची मुलाखत झाली होती.

"घरात शूटिंग झालं, पन मी आत चहा करत हुते," नूरजहांचाची म्हणाल्या. "रात्री टीव्हीवर बघायला बसलो, तर गल्लीतली लाइट गेली. त्या टायमाला रोजच जायची. मी इचारलं, काय बोललात? तर म्हनले, तुझ्याबद्दल बोललोय, टीव्हीवर सांगितलं, आता परत कशाला सांगू. आन् हसले. मरेपतुर सांगितलं न्हाई त्या मानसानं."

"चांगलं बोलले असतील," भाऊसो म्हणाले. "मुलाखत मीच घेतली हुती, पन अशा शेकड्यांनी घेतल्या, आता आठवत न्हाई."

"चांगलं म्हना, वाईट म्हना. माझ्याबद्दल हाय, तर मला कळाया नको?"

आता त्यांची नजर गेली होती. पण कान शाबूत होते. पोती आल्याचं कळल्यापासून त्या रोज बस धरून मिरजेहून येत होत्या. मला एकदम वाईट वाटलं. मी त्यांना वचन दिलं की गुन्हेगार कुठल्याही बिळात लपला तरी मी त्याला ओढून काढीन. अंजनाने माझी बाही ओढली, पण वचन निघून गेलं होतं.

मी कामाला लागलो. रिकाम्या कव्हरवर टाल्कम पावडर टाकून ठसे घेतले. शिवांजलीला शिंका आल्या. ठसे स्पष्ट उमटले आणि ते माझेच निघाले. कव्हरच्या खाचेत मात्र मला ज्वारीच्या कणसाचा एक तुकडा सापडला. त्यावरून मी ताबडतोब निष्कर्ष काढला की गुन्हेगार भाकरी खातो. त्यामुळे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे संशयाच्या भोवऱ्यात आले.

कव्हरवर लिहिलं होतं, 'कारखाना सर्वसाधारण सभा, चेअरमनसाहेबांचे भाषण' आणि खाली बारीक अक्षरात आठवड्याच्या बाकीच्या बातम्या. चांदसाहेब सगळ्यात तळाला. माझे डोळे चमकले.

"भाऊसो, या भाषणात चेअरमनने काय आश्वासन दिलं होतं?"

"पुढच्या दिवाळीला उपसा सिंचनाचं पानी."

"आलं?"

"न्हाई."

"संपलं. पुरावा नष्ट करण्यासाठी चेअरमननेच कॅसेट पळवली."

"ते वारले की."

"मग त्यांच्या मुलाने."

"तो अमेरिकेत हाय. त्याला कारखाना कुठं हाय ते बी म्हाईत नसंल."

हा सिद्धांत मी तात्पुरता बाजूला ठेवला. मग प्रतिस्पर्धी चॅनेलवर झडप घातली. पत्ता शोधत गेलो तर चॅनेल बंद पडून तिथे चष्म्याचं दुकान निघालं होतं. मालकाने माझे डोळे तपासले आणि नंबर वाढल्याचं सांगितलं. घारीच्या नजरेबद्दल त्याला काही कल्पना नसावी.

शेवटी मी तपासातला सर्वात धाडसी प्रश्न विचारला. तो नूरजहांचाचींना होता.

"कॅसेट तुम्हीच पळवली नाही कशावरून?"

"मी पळवली असती तर रोज हिथं कशाला आले असते?"

"संशय येऊ नये म्हणून."

"मग आला न्हाई का?"

बाई पोचलेल्या होत्या. मी त्यांचं नाव यादीतून खोडलं.

"आवं," अंजना म्हणाली, "कॅसेटी इतकी वर्सं कोरेगावला हुत्या. तिथं जाऊन इचारा की."

मी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. सामान्य माणूस असाच विचार करतो. वस्तू जिथे होती तिथेच शोधायची म्हणजे तपासात कौशल्य ते काय राहिलं? पण सांगलीहून कोरेगावची गाडी सकाळी सोयीची होती आणि भाऊसोंच्या आई, तानुबाई, हुरडा फार छान भाजतात असं ऐकलं होतं. तेव्हा पुढची दिशा म्हणून मी स्वतःच कोरेगाव सुचवलं.

तानुबाई घरात नव्हत्या, शेतात होत्या. ज्वारी कमरेच्या वर गेली होती, कणसं भरत आली होती. बांधाला त्यांनी आगटी पेटवली आणि आम्हाला बसायला पोतं दिलं. मी एका हाताने गरम हुरडा आणि दुसऱ्या हाताने तपास असं दोन्ही सुरू केलं.

"मावशी, गेल्या काही दिवसांत कुणी अनोळखी माणूस इकडे फिरकला?"

"तुमीच की."

"माझ्याआधी?"

"पाखरं. लय आलीती औंदा."

पाखरांकडे मी दुर्लक्ष केलं, कारण माझ्या कानांनी तेवढ्यात एक गूढ आवाज टिपला होता. वारा आला की शेतभर एक बारीक घूंऽऽ असा गुणगुणाट उठायचा आणि वारा पडला की थांबायचा. सैन्यात असताना ड्रोनबद्दल मी एकदा व्याख्यान ऐकलं होतं. मी अंजनाला खुणेने खाली वाकायला सांगितलं आणि स्वतः पोत्यावर पालथा झालो.

"आपल्यावर पाळत आहे," मी कुजबुजलो. "मागे फार मोठी टोळी दिसते."

अंजना वाकली नाही. ती हुरडा खात वर बघत होती.

"तानुआत्या," ती म्हणाली, "ही काळी फीत कशाची हो?"

मी डोकं वर केलं. ज्वारीवरून, काठीपासून काठीपर्यंत, चमकदार काळ्या फिती ताणून बांधल्या होत्या. वाऱ्यात त्या थरथरत होत्या, उन्हात लकाकत होत्या आणि गुणगुणत होत्या. एक चिमण्यांचा थवा ज्वारीवर उतरायला आला आणि घाबरून पलीकडच्याच्या शेतात गेला.

"भाऊसोच्या त्या ठेवलेल्या डब्यातली हाय," तानुबाई म्हणाल्या. "सगळी ज्वारीला अशीच बांधत्यात. पूर्वी गान्याच्या कॅसेटी मिळायच्या, आता कुठं मिळत्यात?"

"आवं, पन त्यानं जपून ठेवायला दिल्या हुत्या."

"मग जपल्याच की. एकच काढली, ती बी बघून. वर चेअरमनच्या भाषनाचं नाव हुतं. म्हटलं, ह्ये परत कोन ऐकतंय. कव्हर पन जाग्याला ठेवलं, पोतं इस्कटाय नको म्हनून." त्यांनी कणीस चोळून माझ्या हातात दिलं. "पन फीत गुनाची बरं का. जिवंतपनी मानसं पळायची त्याच्या भाषनातनं, आता पाखरं पळत्यात."

मी हातातलं कणीस खाली ठेवलं. चेअरमनबद्दल मला काही वाटलं नाही, मला मिरजेच्या त्या बाई आठवल्या. वीस वर्षं त्या वाट पाहत होत्या आणि इथे त्यांच्या नवऱ्याचा आवाज चिमण्या हाकलत होता. हे त्यांना कुणी आणि कसं सांगायचं? वचन तर मी दिलं होतं. पहिल्यांदाच मला या धंद्यात पडल्याचा पश्चात्ताप झाला.

"सगळी लावलीत का?" अंजनाने विचारलं.

"सगळी कशाला? लागंल तशी वढायची. उरल्याली खोपीत हाय, खिळ्याला."

अंजना ज्वारीतून धावत गेली. ती पळताना मी तिला लग्नानंतर प्रथमच पाहिलं. खोपीतून ती कॅसेट घेऊन आली. एका चाकावर बोटभर जाडीची फीत अजून गुंडाळलेली होती आणि पुढचं टोक लोंबत होतं. तिने लगेच भाऊसोंना फोन लावला. पलीकडून त्यांचा आवाज मलाही ऐकू आला.

"अंजे, आमचा नेमच हुता, कॅसेट पूर्न मागं फिरवल्याबिगर कपाटात जायची न्हाई. म्हंजी वढताना पयली फीत आधी भायेर येनार. चेअरमन पयला, चांदसाहेब शेवटचा. राहिली असंल बघ त्याचीच."

मानाचं पान चेअरमनला मिळालं म्हणून तो शेतात गेला आणि तळाला टाकलेला तंबोरेवाला वाचला. मी हे प्रकरण सुटल्याचं जाहीर केलं. तानुबाईंनी मला आणखी एक कणीस दिलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसोंनी फीत जोडली आणि कुठूनसा जुना व्हीसीआर पैदा करून सगळं मिरजेला नूरजहांचाचींच्या घरी आणलं. शिवांजलीने उतरवून घ्यायला लॅपटॉप लावला. मी दाराशी पहारा दिला. पडद्यावर आधी पावसासारख्या रेघा आल्या, मग एक दाढीवाला, मिस्कील डोळ्यांचा माणूस आला. मांडीवर तंबोरा, हातात कानस. भाऊसोंचा तरुणपणीचा आवाज विचारत होता, तंबोऱ्याची जवारी बरोबर लागली, सूर नीट खुलला, हे तुम्हाला कसं कळतं?

"मला न्हाई कळत," चांदसाहेब म्हणाले. "बायकोला कळतं. ती आत भांडी घासत असती. मी तारेखालची घोडी घासतो, तार छेडतो, आतनं भांड्यांचा आवाज येत ऱ्हातो. परत घासतो. जवारी बरोबर बसली की आतला आवाज थांबतो. मग मी कानस खाली ठेवतो. आजपतुर एक तंबोरा परत आला न्हाई."

"त्यांना माहीत आहे हे?"

"सांगितलं तर मुद्दाम थांबंल आन् माझं दुकान बुडंल."

"पण आता टीव्हीवर येणार की."

"म्हनून तर बोलतोय. साडेसातला आमच्या गल्लीत लाइट नसती."

खोलीत सगळे हसले. नूरजहांचाची हसल्या नाहीत. त्या टीव्हीकडे कान करून बसल्या होत्या.

"आवं, मी तर रागानं आपटायची भांडी," त्या हळूच म्हणाल्या. "दिवसभर तोच तोच सूर. डोकं उठायचं."

"मग थांबायचात का?" अंजनाने विचारलं.

"मला काय म्हाईत मी थांबत हुते म्हनून."

पडद्यावर चांदसाहेब तार छेडत होते. आतून कपबशांचा, पातेल्याचा खडखडाट येत होता. त्यांनी घोडीवर कानस फिरवली, दोऱ्याचा तुकडा तारेखालून सरकवला, पुन्हा छेडलं. खडखडाट चालूच. पुन्हा एकदा कानस, पुन्हा दोरा. मग तार वाजली आणि तो सूर उघडला, खोलीभर झाला, आणि आतला आवाज बंद झाला. चांदसाहेबांनी कानस खाली ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघून एक भुवई वर केली.

शिवांजली तिथेच बंद करायला गेली तर चाचींनी तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पावण्यांचा चहा उतू गेला हुता. मला वाटलं, माझंच ध्यान न्हाई. ऐकत हुते व्हय मी."