सविताला इचारावं लागंल

आमच्या डोंगरकडा गावच्या कॉलेजात नव्या यंत्राला आधी गेरू लागतो, मग वीज. मारोतीतात्यांचा तसा नियमच आहे. संगणक असो, प्रिंटर असो, नाहीतर बोटभर पेनड्राइव्ह. तात्या खिशातून गेरूची डबी काढतात, करंगळी बुडवतात आणि डाव्या अंगाला एक ठिपका देतात. पूजाबिजा नाही हं, खूण! "शंभर मेंढरांत आपलं मेंढरू वळखू आलं पाह्यजे, बाई," असं ते मला समजावतात. आजवर आमच्या लॅबमधला एक माउससुद्धा हरवलेला नाही, तेव्हा मी काय बोलणार?

मी इथली क्लार्क आणि तात्या लॅब अटेंडंट. सिद्धेश्वर धरणाकडचे, धनगराच्या घरातले. नोकरी लागेपर्यंत मेंढरं राखली. शिक्षण दहावी. पण साठ संगणक आणि दोन सर्व्हर हा माणूस एकटा सांभाळतो. शहरातून आलेले इंजिनिअर जिथे डोकं खाजवतात, तिथे तात्या मांडी घालून बसतात आणि काम करून उठतात. मला त्यांचं भारी कौतुक आहे. तोंडावर सांगत नाही एवढंच, कारण सांगितलं की लगेच चहा मागतात.

अडलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "सविताला इचारावं लागंल." सविता म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. आई लवकर गेली, तात्यांनीच वाढवली. आता हैदराबादला मोठ्या कंपनीत याच नेटवर्कच्या कामात आहे. हे तात्या दिवसातून दोनदा सांगतात, एकदा मला आणि एकदा जो भेटेल त्याला.

यंदा ऑनलाइन परीक्षेचं केंद्र आम्हाला मिळायचं होतं. केंद्र नसलं की आमच्या पोरींना नांदेड गाठावं लागतं, आणि दरवर्षी कुणाची तरी गाडी चुकते नि परीक्षाही. केंद्र देणाऱ्या समितीची अट अशी की साठ जणांना एकदम पेपर पोचवायला दोन्ही सर्व्हरना दहा गिगाबिटचं वेगवान नेटवर्क कार्ड हवं. पाहणीच्या दिवशी समिती दुपारी बाराला येणार होती. आणि कार्डं हातात पडली त्याच दिवशी सकाळी नऊला!

तात्यांनी कार्डांच्या पत्र्याला गेरू लावला. पत्र्यालाच हं, सोनेरी दातांना नाही. पहिल्या खेपेला दातांनाच ठिपका दिला होता आणि मग दोन दिवस खोडरबरानं घासत बसले होते. सर्व्हर उघडून लांब खाचेत कार्डं दाबून बसवली. एका सर्व्हरवर विंडोज होतं. कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर टाकला, बंद-चालू केलं, हिरवा दिवा लागला. "ही गरीब मेंढी," तात्या म्हणाले, "कुणाचंबी कोकरू पाजती."

दुसऱ्यावर लिनक्स. तिथे कार्ड यादीत दिसत होतं, पण चालायचं नाव नाही.

"ही खानदानी हाये. वासाबिगर जवळ करत न्हाई."

मेंढी परकं कोकरू झिडकारते, तेव्हा तिच्याच दुधाचा हात कोकराच्या अंगावरून फिरवायचा. मग ती त्याला चाटते. तात्यांच्या मते लिनक्सचंही तेच. बाहेरचा तयार ड्रायव्हर तिला चालत नाही. तिच्याच पोटातलं सामान घेऊन तिथल्या तिथे बनवून द्यावा लागतो.

"मग बनवा की!" मी म्हटलं. साडेदहा झाले होते.

"सविताला इचारावं लागंल."

फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. तात्या मोबाइल मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. प्राचार्य दोनदा डोकावून गेले. माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे आपले शांत!

"अहो तात्या, दुसऱ्या कुणाला तरी विचारा! पोरींना परत नांदेडला धाडायचंय का?"

"काहून चिडून राहिल्या, बाई? मीटिंगमंदी आसंल लेकरू. पावणेबाराला म्या उठतोच."

उठून हे काय दिवे लावणार, ते मला कळेना.

साडेअकराला फोन वाजला. तात्यांनी स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला. "आबा, मीटिंग होती. काय अडलं?" सविता एकेक ओळ सांगू लागली आणि तात्या टाइप करू लागले. मधेच ती विचारायची, "खोकला गेला का?" "गेला. फुडं सांग." "जेवलात?" "सकाळी भाकर खाल्ली. तू खाल्लं का?" गंमत म्हणजे तिची ओळ अर्धी होते न होते तोच यांची पूर्ण झालेली असायची. मला वाटलं, काय चपळ हात आहे म्हाताऱ्याचा!

दिवा हिरवा झाला. "घेतलं गं पोरी, घेतलं!" तात्या ओरडले.

समितीसमोर साठही पडद्यांवर नमुना पेपर एकदम उघडला. साहेबांनी गेरूबद्दल विचारलं, तर तात्यांनी त्यांना मेंढरं कशी मोजायची ते शिकवलं. केंद्र मंजूर झालं. मी इतकी फुगले होते, जणू कार्ड मीच बसवलंय!

दुपारी नोंद करायला मी तात्यांची वही उघडली. लिनक्सची सगळी कृती त्यात ओळन् ओळ लिहिलेली होती, शाई जुनी. लायब्ररीच्या यंत्राला असंच कार्ड त्यांनी कधीच बसवलं होतं. शेवटच्या पानावर मथळा होता, 'सविताला इचारायचं'. खाली प्रश्न, आणि प्रत्येकापुढे त्यांच्याच अक्षरात उत्तर. विचारून झालेल्यांवर काट. 'तार ढिली झाली तर? – दाबणे.' हा अजून शिल्लक होता.

तात्या दारात उभे होते. मी वही मिटली.

"नुसतं 'कशी हाये' इचारलं तर दोन मिन्टांत ठेवती, बाई," ते हळूच म्हणाले. "कामाचं इचारलं की बसती बोलत."

त्यांनी मागायच्या आधीच मी चहा सांगितला.

सोमवारी मी माझ्या संगणकाची नेटवर्कची तार स्वतःच्या हातानं अर्धवट उपसली आणि तात्यांना हाक मारली. ते आले, टेबलाखाली वाकले. ढिली तार बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"लई अवघड दिसून राहिलं, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी मोबाइल काढला. "सविताला इचारावं लागंल."