जठारपेठेचे फेअरिंगतज्ज्ञ

अकोल्यात आमच्या जठारपेठेत कुणाकडे मोटारसायकलवरून पाहुणा आला, की त्याच्याआधी त्याच्या गाडीचं स्वागत होतं. ते करतात आमचे शेजारी किसनभाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गाडी जुनी, लांब पल्ल्याची आणि समोर वारा अडवायला फायबरची फेअरिंग बसवलेली असली, की ते भरल्या ताटावरूनही उठतात. पायजमा सावरत उकिडवे बसतात, फेअरिंगच्या आत हात घालतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. कंपनीची की बाहेरून बसवलेली, कोणत्या गावची, साधारण कोणत्या सालची, सगळं त्यांचा अंगठा सांगतो. "वरून सारेच नवरदेव असतात," हे त्यांचं पालुपद. "अंदरून पाहा."

हे पालुपद मला चांगलंच भोवलं. माझ्या मुलीला पाहायला अमरावतीचा मुलगा आला, तो नेमका आजोबांच्या बुलेटवर. आत पोह्यांच्या बशा फिरत होत्या, मुलगी नुकतीच येऊन बसली होती, आणि खिडकीतून आवाज आला, "फेअरिंग राजदूतची हाय, बुलेटले लावली हाय. पोराची चौकशी नीट करा." मुलाच्या आईचा घास हातातच राहिला. मुलगी मात्र फसकन हसली, मुलगाही हसला आणि लग्न जमलं. जावईबापू आजही गाडी तीन गल्ल्या अलीकडे लावून पायी येतात.

नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला मी आणि किसनभाऊ एसटीनं अमरावतीला निघालो. मूर्तिजापूरला बस थांबली. बाहेर एक जुनी येझदी उभी होती. आलोच म्हणून हे उतरले, बस सुटली आणि त्यांची पिशवी माझ्या मांडीवर राहिली. संध्याकाळी केक कापून झाल्यावर ते त्याच येझदीवर मागं बसून आले. सदऱ्याला ऑईल आणि चेहऱ्यावर आनंद. माल लोकल निघाला, एवढं सांगून जेवायला बसले.

खोट्या मालाला खरं म्हणणं त्यांच्या जिभेला जमतच नसे. कित्येक हौशी लोकांचे चेहरे त्यांनी भर रस्त्यात पाडले होते. हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

गेल्या दसऱ्याला सकाळी सगळी गल्ली गाड्या धुऊन झेंडूचे हार घालत होती. तेव्हा हिवरखेडहून एक बाई नवऱ्यासोबत जुन्या बुलेटवर आल्या. गाडी वडिलांची. ते उन्हाळ्यात गेले होते. फेअरिंग परदेशातली आहे, जहाजानं मुंबईला आली, असं ते जन्मभर सांगत. आता बाईंचे भाऊ त्याला थापा म्हणून हसत होते. किसनभाऊंचं नाव ऐकून त्या एवढ्या लांब आल्या होत्या.

"काका, एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "आमचे बाबा खोटं बोलत होते काय?"

किसनभाऊ बसले. हात आत गेला आणि तिथंच थांबला. मीही मागून वाकून पाहिलं. हेडलाइटच्या मागं फायबरमध्ये पोत्याचं कापड चिकटलेलं होतं, आणि त्यावर ठळक छाप, 'सरकी ढेप, अकोला'. मला हसू आवरेना. जहाज वाटेत अकोल्याला गुरांची ढेप भरायला थांबलं असावं. आता या बाईंची काही खैर नाही, असं मनात म्हणतोय तोच किसनभाऊ उठले.

"ओरिजनल हाय, पोरी," ते म्हणाले. "जहाजानंच आली."

बाई ढसाढसा रडल्या, त्यांच्या पाया पडल्या. किसनभाऊंनी स्वतःच्या हातानं गाडीला हार घातला.

गाडी निघाल्यावर मी त्यांना धरलं. तेव्हा कळलं, की नोकरी लागण्यापूर्वी घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांनी स्वतः चार फेअरिंगा बनवल्या होत्या. त्यातल्या तीन फुटल्या, त्यांचे तुकडे त्यांनी पाहिले होते. चौथीसाठी चाळीस वर्षं दिसेल त्या गाडीत हात घालत होते. ती ही. कापड कमी पडलं म्हणून ढेपीचं पोतं लावलं होतं. बाईंच्या वडिलांनी ती विकत घेऊन आपल्या सासऱ्यांपुढं जहाजानं आलेला माल म्हणून ऐट मिरवली होती आणि किसनभाऊंना कुणाला न सांगण्याची शपथ घातली होती; पुढं ते गाव सोडून गेले आणि त्यांचा पत्ताच लागला नाही.

मी म्हटलं, आता तर ते गेले. सांगायचं होतं, मी बनवली म्हणून.

"मंग तिचा बाप खोटा पडते ना," ते म्हणाले.

त्यांचे डोळे भरून आले होते. आमच्यात मिठी मारायची पद्धत नाही, पण त्या घडीला मला फार वाटलं. मी नुसतं चहाला चला म्हटलं. ते बुलेट गेली त्या रस्त्याकडे तोंड करून उभेच होते.

"थांबा जरासक," ते म्हणाले. "अजून आवाज येऊन राह्यला."