गुरुजींनी यंत्रू घोकून घेतला

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक शाळा डोळ्यांपुढे आणा. पालीच्या बाजारातून डोंगराकडे वळलात की पाच किलोमीटरवर, काजूच्या बागा संपतात तिथे. दोन खोल्या, पुढे पडवी, जांभ्या दगडाच्या चार पायऱ्या. आता त्या शाळेत मुलं बसवा. अहो, इतकी नकोत! थांबा, थांबा! सातच. बाकीची मुंबईला गेली, आणि या सातांतली दोन भावंडंही परीक्षा झाली की जाणार आहेत.

उघडा डोळे. या शाळेचे एकुलते एक शिक्षक म्हणजे गंगाराम गुरुजी. पट घटला की शाळा बंद होते हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. शेजारच्या वाडीतली शाळा गेल्या वर्षी बंद झाली. तिथल्या फळ्याला टेकवून आता गवताचे भारे रचतात. गुरुजी त्या वाटेने जाताना मान खाली घालून जायचे.

अशात रत्नागिरीच्या एका संस्थेचं पत्र आलं. संस्थेने मुलांसाठी ‘यंत्रू’ नावाचं ॲप बनवलं होतं. त्यावर बटणं दाबली की खरोखरचा छोटा रोबो चालायचा. ॲप मुलांना वापरता येतं का, कुठे अडखळायला होतं, ते बघून त्यांना त्यात बदल करायचे होते. ‘मुलांची कसलीही तयारी करून घेऊ नये’ असं पत्रात ठळक अक्षरात लिहिलं होतं.

गुरुजींनी ते वाक्य तीन वेळा वाचलं आणि चष्मा पुसला. तयारी नको म्हणे! तीस वर्षांत या डोंगरावर इतके पाहुणे आले, पण आपण आणलेली वस्तू वाईट आहे का हे बघायला एकही आला नव्हता. वाईट निघायची ती मुलंच!

“गोदे,” मुलांचं जेवण रांधणाऱ्या गोदाला ते छाती फुगवून म्हणाले, “लिहून ठेव. माझ्या शाळेतून एकही पाहुणा नाराज होऊन गेलेला नाही!”

“पावने नाय गेले नाराज,” गोदा डाळ निवडत म्हणाली. “पोरं तेवडी गेली.”

गुरुजी ऐकून न ऐकल्यासारखं करून कामाला लागले. संस्थेने त्यांच्या फोनवर ॲप आधीच पाठवलं होतं. रोबो नसला म्हणून काय झालं! गुरुजींनी स्वतः खटपट करून ‘रोबोला पेल्याजवळ न्या’ या ॲपमधल्या कोड्याचं उत्तर शोधलं आणि फळ्यावर लिहिलं: ‘खालचं, खालचं, डावं, खालचं, मग हिरवं.’ रोज पाढे झाले की हे म्हणायचं. तीन आठवड्यांत सातही मुलं झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवतील अशी झाली.

“बटणं दाबताना खाली बघायचं नाही,” गुरुजींनी बजावलं. “पाहुण्यांकडे बघून हसायचं. विचारलं, कसं वाटलं, तर काय म्हणायचं?”

“खूप आवडलं, सर!” सातांनी छप्पर उडवलं.

ठरल्या दिवशी संस्थेचे निलेश आणि ईशा आले. निलेशच्या हातात डब्याएवढा पिवळा रोबो, ईशाच्या हातात टॅब आणि वही. दोघंही दमलेली, चेहरे उतरलेले. गुहागरच्या शाळेत एकाही मुलाला ॲप कळलं नव्हतं. म्हणून ईशाने आठ दिवस बसून बटणांच्या जागा बदलल्या होत्या. हे गुरुजींना कोण सांगणार?

ईशाने जमिनीवर रोबो ठेवला, थोड्या अंतरावर एक पेला ठेवला. “रोबोला पेल्याजवळ न्यायचं. आम्ही मदत करणार नाही. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं हं!”

“आमची शाळा, सुंदर शाळा!” सातही जण ओरडले.

पहिला चौथीतला संदेश उठला. टॅब हातात घेतला, निलेशकडे बघून हसला आणि खाली न बघता बोटं चालवली. खालचं, खालचं, डावं, खालचं, हिरवं! आता नव्या ॲपमध्ये खाली होता वेग आणि डावीकडे होतं सरळ पुढे. रोबो बैल उधळावा तसा सुटला, पेल्याच्या अंगावरून गेला आणि थेट गुरुजींच्या खुर्चीवर आदळला.

“शाब्बास!” खेळी संपली की बोलणारा ॲपमधला पोपट टॅबवरून ओरडला.

“खूप आवडलं, सर!” संदेश म्हणाला. अजूनही निलेशकडे बघत, हसत.

ईशाने वहीत काहीतरी लिहिलं. दुसरी तेजस्वी. तीच बोटं, तेच हसू! रोबो कपाटावर धडकला आणि वरचा पृथ्वीचा गोल घरंगळत कोपऱ्यात गेला. “शाब्बास!” “खूप आवडलं, सर!” तिसरा, चौथी, पाचवा... एकही मूल खाली बघेना. गुरुजींचीच शिकवण, ती कशी मोडतील? गुरुजींनी भुवया उडवल्या. मग खोकले. म्हणजे, थांबा! मुलांना वाटलं, जोरात! खोकला वाढला तशी बोटंही जोरात चालली.

गोदा धावत आत आली. “काय वो झाला गुरुजी? गरम पानी देऊ?”

ती दार उघडून आली आणि तिथेच घात झाला! सहाव्याचा रोबो त्या दारातून बाहेर सुटला, पडवी पार केली, पायरीवरून उडाला आणि खाली ठेवलेल्या डाळीच्या टोपात सूर मारून बुडाला. दोन बुडबुडे आले.

“शाब्बास!” पोपट म्हणाला.

कोणीच हसलं नाही. गोदाने डावाने रोबो वर काढला. तो पिवळाच होता, आता जास्त पिवळा झाला.

गुरुजी पायरीवर बसले. एकदम म्हातारे दिसू लागले. “पोरांची चूक नाही हो,” ते म्हणाले. “मी घोकून घेतलं. त्यांना काही येत नाही असं नका लिहू. वर कळलं तर शाळा बंद करायला तेवढंच निमित्त मिळेल.”

ईशा त्यांच्याशेजारी बसली. “गुरुजी, शाळा बंद करणं आमच्या हातात नाहीच.”

“नाही?”

“नाही. आम्ही फक्त ॲपवाले.”

गुरुजींनी क्षणभर सुटकेचा श्वास घेतला. मग तो अर्ध्यातच अडकला. “म्हणजे... शाळा वाचवणंही तुमच्या हातात नाही?”

ईशाने नाही म्हणून मान हलवली.

“पण चुकलं कोण ते मी लिहीन,” निलेश हळूच म्हणाला. “मुलं नाही, ॲप चुकलं. डाळीत बुडालं तरी जे शाब्बास म्हणतं, ते काय शिकवणार?”

गुरुजी खिन्न हसले. “तीस वर्षांत असा कागद या डोंगरावरून खाली उतरलेला नाही, बाळा.”

तेवढ्यात दुसरीतली राही पुढे आली. सातवी तीच. तिची पाळी राहूनच गेली होती. “गुरुजी, खरं सांगितलं तर चालेल?”

गुरुजींनी निलेशकडे बघितलं, ईशाकडे बघितलं. सवयीने तोंडाशी आलेलं ‘नको’ त्यांनी गिळलं. “चालेल. सांग.”

राही आत गेली, गुरुजींच्या टेबलावरचं वह्या तपासायचं लाल पेन घेऊन आली, मांडी घालून बसली आणि टॅब मांडीवर घेतला. ईशा “अगं, काचेवर...” म्हणेपर्यंत तिने जीभ बाहेर काढून, वळणदार अक्षरात, पोपटाच्या पोटावरच लिहिलं: ‘दहापैकी दोन. पुन्हा सोडवून आणणे.’

मग टॅब निलेशच्या हातात देत ती म्हणाली, “उद्या बाबांची सही घेऊन या.”